काचेतली पितळी

रविवार, १२ नोव्हेंबर २००६

शुक्रवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता घरी बसवतायत. निघालं भलतंच. जानेवारीत चीनहून पाहुणे येणार आहेत, आमच्या कंपनीशी करार करायला. त्यांना पुणं दाखवायचं, आणि दाखवता दाखवता धायरीला एका उद्घाटनाला न्यायचं. आमदार माधवनाना यांचं बालपणीचं घर जतन होतंय, त्याची फीत पाहुणे कापणार. दुभाषी म्हणून रुपाली, म्हणजे मी. कंपनीच्या नव्या इमारतीची जागा नानांच्या ओळखीने मिळालेली, तेव्हा नाही म्हणायची सोय साहेबांनाही नव्हती. माझं नाव तर नानांनीच सुचवलं म्हणे.

नाना गेल्या वर्षी अभ्यास दौऱ्यावर चीनला जाऊन आले. आमदार अभ्यास दौऱ्यात काय शिकतात हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, पण नाना खरोखर एक गोष्ट शिकून आले. शाओशानला माओचं लहानपणीचं घर जपून ठेवलंय, ते त्यांनी पाहिलं आणि मनाने घेतलं की आपलंही एक असावं. हयातीतच उरकलेलं बरं, मागच्यांना तसदी नको.

अडचण एवढीच की नानांचं लहानपणीचं घर नानांनीच पाडलं. तिथे आता कॉम्प्लेक्स आहे, खाली मोबाईलचं दुकान, वर ब्युटी पार्लर. त्या आळीत जुन्या वळणाचं एकच घर उरलंय. ते आमचं. म्हणजे होतं.

मी साहेबांना इतक्या पटकन हो म्हटलं की तेच चकित झाले. घर परत मिळणार नाही हे मला कळतं. मला एवढंच हवंय, की ज्या दिवशी तो हार घालून आमच्या दारात उभा राहील, त्याच दिवशी चारचौघांत त्याचं तोंड काळं व्हावं. दादांसाठी. आणि यापुढे या वहीत मी त्याला अहो-जाहो करणार नाही. बाहेर करावं लागतंच.

बुधवार, १५ नोव्हेंबर

राग जुना झाला की बोथट होतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

दादा, म्हणजे माझे वडील ज्ञानदेव, कालव्यावर नोकरीला होते. १९९३ साली धायरीच्या जमिनींचे भाव चढू लागले. नाना तेव्हा आमदार नव्हता, जमिनींचे व्यवहार करायचा. मागच्या प्लॉटांसाठी त्याला आमच्या अंगणातून रस्ता हवा होता. दादा नाही म्हणाले. आधी गोडीगुलाबीने झालं. मग नळ कोरडा पडला. मग एका सकाळी उठून पाहतो तर दारासमोर चर खणलेला, कुणी विचारलं तर म्हणे गटाराचं काम. आम्ही वर फळी टाकून ये-जा करत होतो. एका संध्याकाळी कामावरून परतताना दादांचा पाय फळीवरून सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ते पुन्हा धड चालले नाहीत. कागदावर सही त्यांनी अंथरुणात बसून केली. अंगठा लावत नाही, सही करतो, याचा त्यांना फार अभिमान होता.

टेम्पोत मावलं तेवढं घेऊन आम्ही शनिवार पेठेतल्या या दोन खोल्यांत आलो. पुढच्या पावसाळ्यात दादा गेले. नाना आला नाही. दहाव्यालाही नाही.

आज त्याच्या ऑफिसात कामाचं समजून घ्यायला गेले होते. समोर चारपाच माणसं बसवलेली, त्यांच्यादेखत मला विचारतो, "आई कशी आहे?" मी म्हटलं, आपल्या कृपेने ठीक आहे. त्याने फाइल उघडली. किती निर्लज्ज असावं माणसाने, त्यालाही मर्यादा आहे.

रविवार, १९ नोव्हेंबर

आईला सांगितलं. मेथी निवडत होती. मला वाटलं होतं चार शिव्या तरी देईल. गोदाबाईंच्या शिव्या एकेकाळी धायरीत प्रसिद्ध होत्या. तिने विचारलं काय, तर "कौलं बदलली का गं त्यानं?"

मी म्हटलं, आई, तो आपल्या घराला स्वतःचं घर म्हणून दाखवणार आहे. लोक चपला काढून आत जाणार.

"त्याचं बी हाय ते थोडं," आई म्हणाली.

मी ताडकन उठले. पुढे काही बोलत होती, मी ऐकून घेतलं नाही. वय झालं की माणसं सगळ्यांनाच माफ करत सुटतात, आणि त्याला मोठेपणा म्हणतात. मला तसला मोठेपणा नको.

रविवार, २६ नोव्हेंबर

इतक्या वर्षांनी घरात पाऊल टाकलं. चर कधीच बुजलाय, वर फरश्या बसवल्यात. ओटा तसाच आहे. आत सिमेंटच्या पोत्यांचा वास अजून येतो, कारण इतकी वर्षं नानाने तिथे गोदाम केलं होतं. शेजारपाजारची घरं पाडली आणि हे तेवढं ठेवलं. पोत्यांना छप्पर हवं होतं ना.

सजावटीचं काम स्पृहा नावाच्या मुलीकडे आहे. कोथरूडची, हुशार, अखंड बोलणारी. "मॅडम, तुम्ही शाओशानचं घर पाहिलंय ना, तिथला फील कसा आहे? मला एकदम ऑथेंटिक करायचंय." मी पाहिलंय. कंपनीच्या कामाला गेले होते तेव्हा एका रविवारी नेलं होतं आम्हाला. (चिनी मी का शिकले, तर संध्याकाळचा जर्मनचा वर्ग भरला होता. त्यावर आज पोट चालतंय.) मी तिला सांगितलं, घरासमोर तळं आहे, आत सगळं स्वच्छ, आणि फार शांत.

मग तिने मोठ्या कौतुकाने स्वयंपाकघर दाखवलं, आणि मला गालातल्या गालात हसू आवरेना. माळ्यावर जुन्या भांड्यांचा ढीग सापडला, तो तिने चिंच लावून घासून घेतला आणि फळीवर ओळीने मांडला. हंडा, घागर, परात, तपेली. खाली पाटी: "नानांच्या मातोश्रींची भांडी". आणि प्रत्येक भांड्याच्या काठाखाली, टिंबं टिंबं ठोकून, ठसठशीत: गोदाबाई ज्ञानदेव. टेम्पोत मावली नव्हती ती आईची भांडी. आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही, हे कोथरूडच्या नव्या फ्लॅटात वाढलेल्या पोरीला कुठून ठाऊक. तिला ती नक्षी वाटली असावी.

मी चकार शब्द काढला नाही. येऊ देत पाहुणे, येऊ देत वर्तमानपत्रवाले. वाचू देत.

रविवार, ३ डिसेंबर

सगळ्या भांड्यांची नावं भिंतीकडे वळवलीत.

स्पृहा म्हणाली, परवा दुपारी नाना एकटेच आले होते. सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि बराच वेळ चुलीसमोर खाली बसून होते. गेल्यावर पाहिलं तर भांडी फिरवलेली. "मॅडम, ते खूप इमोशनल झाले होते, डोळे लाल होते." मी म्हटलं, सिमेंटची धूळ असते तिथे.

पुरावा लपवायला स्वतः आला. माणसंसुद्धा पाठवली नाहीत.

शनिवार, ९ डिसेंबर

आज त्याच्या ऑफिसात बैठक. मी मुद्दाम विषय काढला. शाओशानचं ते घर सगळंच्या सगळं माओच्या घरच्यांचं नाही. त्याचा एक भाग शेजाऱ्यांचा होता, आणि तो तसाच दाखवलाय, लपवलेला नाही. मी म्हटलं, नाना, आपल्याकडेही शेजाऱ्यांची बाजू दाखवली तर पाहुण्यांना आपलंसं वाटेल. शेजाऱ्यांच्या नावाची एक छोटी पाटी.

स्पृहाला कल्पना फार आवडली. ती लिहून घ्यायला लागली. नाना टेबलाच्या काचेकडे बघत होता. मग म्हणाला, "आम्हाला शेजारी नव्हते."

एवढंच. आणि चहा मागवला. मला वाटलं होतं निदान आवाज तरी चढवेल. मी तो चहा प्यायले, हेही इथे लिहायला हवं. नोकरी हिंजवडीत आहे, आणि हिंजवडीत राग पंच करून आत जाता येत नाही.

पण ठरलं. भांडी फिरवता येतात, पाटी टाळता येते, माझी जीभ त्याच्या हातात नाही. उद्घाटनाला तो जे बोलेल ते मला चिनीत सांगायचंय. तो बोलेल त्याचं, मी सांगेन माझं. तो शेजारी उभा राहून मान डोलवेल. त्याच्याच समारंभात, त्याच्याच माईकवर, त्याच्याच पाहुण्यांना कळेल की हा कोण आहे.

रविवार, १७ डिसेंबर

आता मात्र हद्द झाली.

चुलीच्या बाजूला स्पृहाने काचेची पेटी बसवलीय, आत मखमल, वर छोटा दिवा. आणि त्यात आमची पितळी. पितळी म्हणजे जरा उभ्या काठाचं पितळेचं छोटं ताट, भाकरी कुस्करून खायला बरं. आमच्या घरातलीच ती, लहानपणी उंच फळीवर असायची, खालून दिसणारा तिचा काठ मला आठवतो. त्यावर नाव घातलंय: माधव. ही भिंतीकडे वळवलेली नाही, ही अगदी दर्शनी. स्पृहा म्हणाली, ही नानांनी स्वतः आणून दिली, रुमालात गुंडाळून, बाकीच्या भांड्यांत ती नव्हतीच.

म्हणजे आमचं ताट उचलून नेलं, त्यावर आपलं नाव ठोकून घेतलं आणि आता देवासारखं काचेत ठेवलं. घर घेतलं, भांडी घेतली, उष्टं ताटसुद्धा सोडलं नाही.

घरी येऊन आईला तावातावाने सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"कुठं ठेवलीय म्हणालीस? चुलीवर का?"

चुलीवर नाही, काचेच्या पेटीत, मी म्हटलं.

"काचंत?"

हो, मखमलीवर, वर दिवा लावून. तिने आणखी एकदा विचारलं, काचेतच ना, बाहेर काढत नाहीत ना. मग सूप तसंच टाकून आत जाऊन पडली. रात्री जेवली नाही. मला वाईट वाटलं, उगाच तिला सांगितलं. या वयात वस्तूंवरून मन काढता येत नाही.

रविवार, २४ डिसेंबर

रोज बसमध्ये वाक्यांची तालीम करते. हिंजवडीच्या फाट्यावर बस अडकली की चांगला वेळ मिळतो. शेजारी बसणारा मुलगा परवा म्हणाला, ताई, तुम्ही रोज कुठलं स्तोत्र म्हणता? मी म्हटलं, शत्रुनाशाचं आहे. तो म्हणाला, मलापण पाठवा ना, मॅनेजरसाठी हवंय.

वाक्यं अशी आहेत. हे घर या माणसाचं नाही. हे माझ्या वडिलांचं. याने दारात चर खणून त्यांना पाडलं. तुम्ही ज्या उंबऱ्यावर उभे आहात तो ओलांडून ते पुन्हा कधी आपल्या पायांनी आले नाहीत.

नोकरी जाईल का? पाहुण्यांनी साहेबांना सांगितलं तर जाईल. दोन रात्री नीट झोप नाही. पण आता माघार घेतली तर दादांच्या फोटोसमोर दिवा कुठल्या तोंडाने लावू.

आणि आज वेगळाच घोळ. नानाचा माणूस निमंत्रण घेऊन आला, खास आईसाठी. साडी-चोळी देऊन सत्कार करायचाय म्हणे, "आळीतल्या ज्येष्ठ महिला" म्हणून. मी पत्रिका फाडणारच होते. आईने हातातून घेतली आणि माणसाला म्हणाली, "येते म्हणून सांग."

आम्ही खूप भांडलो. मी नको ते बोलले, दादांना विसरलीस म्हणाले. तिने शांतपणे सांगितलं, "तू तुझं काम कर, मी माझं करते." तिचं कसलं काम. साडी घ्यायची आणि फोटोत उभं राहायचं.

रविवार, ७ जानेवारी २००७

सगळं लिहिते. क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

मंडप, ढोल, फेटे. चिनी पाहुण्यांनाही फेटे बांधले. त्यांचे प्रमुख ल्यू म्हणून आहेत, सत्तरीचे असतील, कमी बोलणारे. फेट्याखालून त्यांचे डोळे सगळीकडे फिरत होते. आई पहिल्या रांगेत, हिरव्या नऊवारीत, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेली.

नाना ओट्यावर उभा राहिला. हाताने घराकडे दाखवून म्हणाला, या घराने मला घडवलं. या चुलीपुढे बसून मी जेवलो, या ओट्यावर झोपलो, माझ्या आईने मला इथे वाढवलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, की सांगा आता.

मी सांगितलं. एकही शब्द अडला नाही. हे घर या माणसाचं नाही, इथपासून चरापर्यंत सगळं. माईकवरून. नाना मान डोलवत होता. टाळ्या कुठे वाजवायच्या हे लोकांना कळेना म्हणून मी थांबले की ते वाजवत होते. दादा चरात पडले, या वाक्याला सगळ्यात जोरात टाळ्या पडल्या.

ल्यूंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "तुमचे वडील आता?"

गेले, मी म्हटलं.

"आणि तुम्ही आज याच्यासाठी काम करता?"

कंपनीसाठी करते, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, अशी घरं मी खूप पाहिली आहेत. आणि कात्री घेऊन फीत कापली. त्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, सवयीने.

नानाने मला विचारलं, काय म्हणाले? माझ्या तोंडून निघालं, घर आवडलं म्हणाले.

झालं. इतक्या वर्षांची धार, आणि ती पाण्यावर मारली. जगात ज्यांना काही फरक पडत नाही अशाच दहा माणसांना मी माझं दुःख सांगितलं, आणि ज्याला कळायला हवं होतं त्याला खोटं सांगितलं. तिथेच जमिनीत शिरावंसं वाटलं.

मग सगळे आत आले. फोटोवाले पुढे, आम्ही मागे. सत्कार स्वयंपाकघरात ठेवला होता, चुलीची पार्श्वभूमी हवी म्हणून. नानाने साडीचं ताट पुढे केलं आणि वाकला, आईच्या पायांना हात लावायला. आई एक पाऊल मागे सरली. त्याचा हात तसाच हवेत राहिला. ती सरळ काचेच्या पेटीपाशी गेली आणि स्पृहाला म्हणाली, "पोरी, हे उघड."

स्पृहा गोंधळली. नानाकडे बघायला लागली. नानाचा चेहरा मी आजवर असा पाहिलेला नाही. तो म्हणाला, उघड.

आईने पितळी बाहेर काढली. पदराने पुसली, पिशवीत ठेवली.

"काकी," नाना म्हणाला, "ती माझी आहे. तेवढी नको नेऊ."

आई फळीवरच्या भांड्यांकडे बघत होती. खालची पाटी तिला वाचता येत नाही, पण ती मी तिला सांगितली होती. ती म्हणाली, "तुमच्या आईची भांडी ऱ्हाऊ द्या तुमाला, नाना. ही माझी हाय."

जन्मात तिने त्याला तुम्ही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ती पाठ फिरवून चालायला लागली. नाना तिथेच चुलीपुढे खाली बसला, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांनिशी. फोटोवाल्यांना वाटलं पोज आहे, त्यांनी भराभर फोटो काढले. समारोपाचं भाषण झालंच नाही. पाहुणे जेवायला गेले.

रिक्षात आई बोलली. सिंहगड रस्त्याला गर्दी होती, तिला वेळ मिळाला.

नानाची आई तो चार वर्षांचा असताना गेली. सावत्र आई आली, ती त्याला पोटाला घालत नसे. आई तेव्हा नवी नवरी. संध्याकाळी ते पोर आमच्या ओट्यावर येऊन बसायचं, मागायचं नाही, नुसतं बसायचं. आई त्याला वाढायची. माझी आजी कुरकुरायची, परक्याचं पोर आपल्या भांड्यात जेवतं म्हणून. आईने दादांना तांबट आळीत धाडलं, पितळी घेतली आणि तिच्यावर नाव घालून आणलं.

"नाव घातलं की परकं न्हाई," आई म्हणाली. "मग तुझी आजी बी गप बसली. धा वरसं जेवला त्यात. तुझं दादा त्याला खांद्यावर बसवून कालव्याला न्यायचं. मला तवा मूल न्हवतं."

मी विचारलं, मग ती पितळी तिथे कशी राहिली? टेम्पोत तेवढी मावली असती, एवढीशी तर आहे.

"मीच ठिवली. मुद्दाम. निघताना रिकाम्या चुलीवर ठिवली, मधोमध. म्हटलं घर ताब्यात घ्यायला येईल, बघंल, पोटात तुटंल त्याच्या. येऊन पाया पडंल तुझ्या दादाच्या, ते हायती तवर." मांडीवरची पिशवी तिने सरळ केली. "बघितली त्यानं. आन् काचंत घातली."

चाळिशीला आले तेव्हा मला कळलं, की त्या घरात माझ्याआधी एक मूल होतं. मला कुणी सांगितलं नाही. की आई सांगत होती आणि मी उठून गेले?

आता कुणी म्हणेल, राग निवळला असेल. दुप्पट झालाय. परक्याने चर खणला असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ज्याने खांद्यावर बसवून फिरवलं, त्याच्या दारात याने चर खणला. आणि भर बैठकीत म्हणाला, शेजारी नव्हते.

सोमवार, ८ जानेवारी

पेपरात पान तीनवर फोटो. "बालपणीच्या आठवणींनी नाना गहिवरले." मागे काचेची पेटी, रिकामी, आत दिवा चालू.

साहेबांनी कौतुक केलं, पाहुणे खूश आहेत, करार होणार. ल्यूंनी काही सांगितलेलं दिसत नाही. नोकरी शाबूत आहे. मला त्याचा आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून दिवसभर स्वतःची चीड आली.

रविवार, २१ जानेवारी

तो आला. गाडी बोळात शिरत नाही, लांब लावून चालत आला, बरोबर कुणी नाही. दारात मी होते. मी दार लावणारच होते, आतून आई म्हणाली, "येऊ दे. जेवायची येळ हाय."

दादांच्या फोटोसमोर उभा राहिला, हात जोडले. मग खाली बसला. आई म्हणाली, "बसा, नाना." तो म्हणाला, "काकी, मला नाना म्हणू नको." तिने ऐकलं न ऐकलं केलं.

खिशातून तिळगुळाची पुडी काढून तिच्यासमोर ठेवली. मग म्हणाला, घर तुझ्या नावावर करून देतो, पाटी काढतो, तू सांगशील ते करतो. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला ते घर हवं होतं. त्याने ते कागदावर द्यावं, मी ते घ्यावं आणि त्याला वर चार शब्द सुनवावेत, असं सगळं मला एका दमात दिसलं.

आई म्हणाली, "दहाव्याला का न्हाई आला?"

तो म्हणाला, "हिंमत झाली नाही, काकी."

"चर खणायला झाली."

त्यानंतर घराचा विषय निघाला नाही. आईने काढू दिला नाही आणि मलाही डोळ्यांनी गप्प केलं. तिने पिठलं-भाकरी वाढली, वर कांदा फोडून ठेवला. ताट स्टीलचं, आल्यागेल्यांसाठी ठेवलेलं. त्याच्या बरोबर समोर, फळीवर, पितळी उभी करून ठेवलेली होती. गेल्याच आठवड्यात आईने तिला कल्हई करून घेतली. मला वाटलं होतं ती मोडीत घालेल, पण मोडीत घालायच्या आधी कुणी कल्हई करतं का.

त्याने घास मोडला आणि हातातच धरून ठेवला. पितळीकडे बघत होता.

"काकी, मला माझ्या पितळीत वाढ ना."

आईने भाकरीचा दुसरा चतकोर त्याच्या ताटात टाकला. आवाज चढवला नाही, रागावलीही नाही. मी जन्मभर तालीम केली असती तरी मला ते जमलं नसतं.

"ती माधवची हाय," ती म्हणाली. "तो आला की वाढीन."

तो रडला नाही. खाली मान घालून जेवला, सगळं जेवला, एक कणही टाकला नाही, लहान पोराला दटावून जेवायला बसवलं की ते जेवतं तसा. हात धुतले, दारापर्यंत गेला, वळून एकदा फळीकडे पाहिलं आणि बोळातून निघून गेला. तिळगुळाची पुडी तशीच पडून होती. ना तिने उचलली, ना परत दिली.

मी म्हटलं, आई, घर देत होता तो. ती म्हणाली, "घर घेऊन काय करू, तुझं दादा न्हाईत त्यात."

मी त्याचं ताट घासायला घेतलं. आईने पितळी खाली काढली, फडक्याने पुसली आणि पुन्हा फळीवर ठेवली, नाव बाहेरच्या बाजूला करून.